‘मॉडेल’ला नमुना म्हणावं का?

रावपुरेकर: आमच्या बडोद्यातल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कर्करोग संशोधनातल्या एआयवर लेख लिहितोय. ‘मॉडेल’ला, म्हणजे खरी गोष्ट कशी वागते हे सांगणाऱ्या गणिताला, ‘नमुना’ लिहिलं आणि फसलो. ‘गाठीच्या संगणकीय नमुन्यावर औषध आजमावतात’ हे वाचून मावशी म्हणाली, “म्हणजे सुईनं काढलेला तुकडा संगणकात घालतात?” तिचं काय चुकलं? तिची बायोप्सी झाली तेव्हा घरात सगळे ‘नमुना कधी पाठवला, नमुन्याचं काय झालं’ हेच बोलत होतो. गुजरातीतही ‘नमूनो’ दोन्हीकडे चालतो, त्यामुळे मला खटकलंच नाही.

अलकापुरीची आजी: प्रतिमान म्हणा. ‘प्रतिकृती’ मात्र नको, ती मुळासारखी दिसावी लागते. आर्मिटेज आणि डॉल या संशोधकांचं १९५४ चं मॉडेल बघा. बऱ्याच कर्करोगांत मृत्यूचं प्रमाण वयाच्या साधारण सहाव्या घातानं वाढतं, म्हणजे वय दुप्पट तर प्रमाण ६४ पट. त्यावरून त्यांनी ताडलं की पेशी पुरती बिघडायला सहा-सात टप्पे लागत असावेत. यात गाठ नाही, चित्र नाही, नुसतं समीकरण. याची प्रतिकृती कशी म्हणणार?

रावपुरेकर: पटलं. एकदा ‘गणिती प्रतिमान’ लिहितो, पुढे सरळ मॉडेल. आणि उदाहरणं दाखवून मॉडेल तयार करतात, त्या ‘ट्रेनिंग’ला तालीम?

मांजलपूरकर: अहो, हा गुजराती कान झाला! तिकडे शिक्षकांनाही तालीम देतात. पुण्याच्या वाचकाला लाल माती दिसेल, नाहीतर नाटकवाले. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात राहून हे विसरलात? ‘शिकवणं’ पुरे.

अलकापुरीची आजी: ‘ओव्हरफिटिंग’ही येईलच, म्हणजे मॉडेलनं दाखवलेली उदाहरणं पाठ करणं आणि नव्यावर चुकणं. त्याला अतिअनुरूपण वगैरे करू नका, घोकंपट्टी म्हणा. त्वचेच्या फोटोंवर शिकवलेल्या एका मॉडेलचं तेच झालं ना? डॉक्टरांना संशय आला की ते डागाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढतात. मॉडेलनं मोजपट्टी दिसली की कर्करोग, असं धरलं.

मांजलपूरकर: आजी, किस्सा खरा, पण ती घोकंपट्टी नव्हे. घोकंपट्टीवाल्याला पुस्तकातली गणितं येतात, आकडे बदलले की तो गारद. इथे नवा फोटो दिला तरी, त्यात पट्टी असली की याचं उत्तर बरेचदा बरोबरच येणार! हा मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देणारा पोरगा. ‘भलती खूण धरणं’ कसं वाटतं?

अलकापुरीची आजी: मान्य. चाळीस वर्षं शिकवलं, असली पोरं ढीगभर पाहिलीत.

रावपुरेकर: दोन्ही शब्द घेतले. मावशीलाही वाचून दाखवलं. मोजपट्टीवर हसली, मग म्हणाली, “माझ्या फोटोत होती का रे?” तिचा फोटो नव्हताच, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती काचपट्टी होती. आता काचपट्टी आणि मोजपट्टी एकाच परिच्छेदात नकोत, एवढं कळलं.

नवा सभासद: कृत्रिम बुद्धिमत्ता बरोबर की कृत्रिम प्रज्ञा?

मांजलपूरकर: त्याला वेगळा धागा काढा बुवा.