मदत हवी आहे: नाळेच्या रक्तात टीएसएच २४, घाबरायचं का?

खाडीकाठ: बहिणीला परवा मुलगी झाली, रत्नागिरीत. नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) २४, बाजूला लाल बाण. डॉक्टर उद्या भेटणार. वहिनीच्या मुलाचा त्याच लॅबमध्ये ७ होता. एवढा फरक कशाने? जरा पटकन सांगा.

दर्यावर्दी: नॉर्मल की सिझर, ता आधी सांग मरे.

केवडा: नाळेचं रक्त बँकेत ठेवलंत का? आमच्याकडे एजंट आलेला, वर्षाला हप्ता म्हणे. घालवून दिला.

खाडीकाठ: बँकेचं कोण विचारतंय इथे! नॉर्मलच झाली.

सुरंगी: मी लॅबमध्ये असते. नॉर्मल म्हणजे आपोआप, की व्हॅक्यूम लावून बाळ ओढून? आणि वहिनींचं?

खाडीकाठ: वहिनीचं तारीख ठरवून सिझर. बहिणीला रात्रभर कळा, शेवटी व्हॅक्यूम. त्याचा काय संबंध?

सुरंगी: मोठा आहे. जन्मताना बाळावर ताण आला की नाळेतला टीएसएच चढतो. रखडलेली प्रसूती, व्हॅक्यूम यांत तो वर जातो, कळांआधीच केलेल्या सिझरमध्ये बहुधा खाली राहतो. या दोन पोरांची तुलनाच नको. पण म्हणून सोडूनही देऊ नका. २० च्या वर गेलं की बाळाचं रक्त पुन्हा तपासतात. जन्मल्यावर अर्ध्या तासात टीएसएच उसळतो, मग दोन-तीन दिवसांत उतरतो, म्हणून ७२ तासांनंतरचं रक्त बरं. सोबत टी४, म्हणजे थायरॉईडचं संप्रेरक, तेही तपासा.

बापूकाका_गुहागर: आमच्या नातवाचा ७.२२ होता, डॉक्टर म्हणाले उत्तम!

सुरंगी: काका, तो टीएसएच नव्हे, पीएच, रक्ताची आम्लता. नाळेच्या धमनीतला होता की शिरेतला? धमनीतला बाळाची अवस्था सांगतो, शिरेतला वारेकडून आलेल्या रक्ताची. कळा देऊन झालेल्या बाळाचा जरा कमी येतोच. धमनीतला ७ च्या खाली गेला तर काळजी.

बापूकाका_गुहागर: ते कोण विचारतंय? पोरगा आता माडावर चढतो.

केवडा: इथे वेळ घालवू नका, सरळ कोल्हापूर गाठा. आमच्या जावेने तेच केलं.

दर्यावर्दी: आंबा घाटात दाट धुका आसा. ओल्या बाळंतणीक खय फिरवतस?

केवडा: मग काय घरी बसून बाण बघायचा?

सुरंगी: नमुना जातो की कोल्हापूरला, बाळाने कशाला जायचं? खाडीकाठ, बहिणीला थायरॉईडची गोळी चालू होती का?

खाडीकाठ: हो, सातव्या महिन्यापासून. ते सांगायला हवं होतं का?

सुरंगी: देवा! गोळी कमी थायरॉईडची की वाढलेल्याची? वाढलेल्यावरची गोळी वारेतून बाळापर्यंत पोचते, त्यानेही टीएसएच वर जातो. पाकीटच घेऊन जा उद्या. आणि बहिणीने स्वतःहून गोळी बंद करायची नाही.

खाडीकाठ: पाकीट तिच्या सासरी राहिलंय, गुहागरला. भावोजींना फोटो पाठवायला सांगतो.

बापूकाका_गुहागर: गुहागरात कुठे? मी आणून देतो.