२४९ ग्रॅमच्या ड्रोनवर लग्नाच्या ऑर्डरी घेतल्या, तर परवाना लागतो का?

कृष्णाकाठ
नमस्कार. कराडजवळ माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. हल्ली ड्रोन शूट असल्याशिवाय लग्नाची पार्टी बोलणीच पुढे नेत नाही, म्हणून ओळखीतल्या एका फोटोग्राफरकडून मी २४९ ग्रॅमचा परदेशी बनावटीचा ड्रोन घेतला. 'अडीचशेच्या आत आहे, याला काहीही लागत नाही,' असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले होते. मागच्या आठवड्यात मात्र एका गावच्या यात्रेत पालखीचे चित्रण करत असताना बंदोबस्तावरील पोलिसांनी ड्रोन खाली उतरवायला लावून परवानगीचे पत्र मागितले आणि ताकीद देऊन सोडले. पैसे घेऊन काम केले तर परवाना लागतोच का, आणि ते पत्र नेमके कशाचे?

शटरवाला
आपल्या प्रश्नात दोन निरनिराळ्या बाबी एकत्र झाल्या आहेत. उडवणाऱ्याचे प्रमाणपत्र ही एक, आणि त्या जागी उडवण्याची मुभा ही दुसरी.

पहिलीपुरते सांगतो. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, आणि त्याहून जड पण दोन किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोसाठी रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, मग काम हौसेचे असो वा पैशाचे. मायक्रोला मात्र ही सूट फक्त बिगर-व्यावसायिक वापरापुरती आहे. म्हणजे विकणारे गृहस्थ अर्धे बरोबर होते.

अर्धे म्हणण्याचे कारण असे, की नियमात धरलेले वजन खोक्यावर छापलेले नसून ड्रोनवर लावलेल्या सामानासकटचे कमाल वजन आहे. मी माझा ड्रोन ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवून पाहिला, तेव्हा नुसता २४८ भरला आणि पंख्यांचे गार्ड लावताच २८० च्या पुढे गेला. मांडवात वऱ्हाडाला इजा होऊ नये म्हणून लावलेल्या गार्डनेच तो मायक्रो होतो आणि पायलट बिनपरवान्याचा ठरतो, हा विनोद कायद्याच्या चौकटीतलाच आहे. मोठ्या बॅटरीचेही तेच.

माळरान
दुसऱ्या बाबीबद्दल. सर्टिफिकेटची सूट मिळाली म्हणून आकाश मोकळे झाले, असे होत नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरच्या नकाशात हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग दाखवलेले असतात. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत हवाई परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच पिवळा भाग सुरू होत असल्याने हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी घ्यावी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. पुण्यात काम घ्याल तेव्हा लोहगावचा विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे, हे विसरू नका. आपल्या कराडलाही धावपट्टी आहे, तेव्हा घरच्या भागाचा नकाशाही एकदा पाहून घ्या.

यात्रेचे कोडे बहुधा इथे सुटते. पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याला एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करता येतो, शिवाय गर्दीच्या प्रसंगी मनाई आदेशातही ड्रोनचा उल्लेख असतो. त्यामुळे यात्रा, मिरवणूक किंवा मंत्र्यांचा दौरा असेल, तर आधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि ती खिशात ठेवावी. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्यांवर चित्रीकरणाची परवानगी आणखी वेगळी असते.

फवारणीवाला
मी शेतात औषध फवारणीचा ड्रोन चालवतो. तो दोन किलोच्या बराच वर असल्याने सर्टिफिकेट घ्यावेच लागले. वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण, एवढ्या अटी आहेत, आणि सर्टिफिकेट दहा वर्षे चालते. पूर्वी पासपोर्टवरून अडायचे. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो. नियमभंगाचा दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो, हे लक्षात ठेवून प्रशिक्षणाच्या खर्चाकडे पाहावे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. परदेशी ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरतीच सवलत आहे. तेव्हा आपला ड्रोन केव्हा आणि कोणत्या बिलावर देशात आला, हे विकणाऱ्याला विचारा. पुढे मोठा ड्रोन जुन्या बाजारातून घ्यायचा झाल्यास त्याचा नोंदणी क्रमांक आहे का आणि तो आपल्या नावावर होईल का, हे पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. बिलाचे विचारले, तर ते गृहस्थ 'शोधून सांगतो' म्हणाले आहेत. गार्ड पेटीत ठेवून दिले. रविवारी एका किल्ल्यावर प्री-वेडिंगची ऑर्डर होती. पार्टीला आत्ताच फोन करून, त्यांच्याच उसाच्या रानात शूट करू या, असे सुचवले आहे. मुलीच्या वडिलांना ते अधिक पसंत पडले.