मदत हवी आहे : मामांची दारू सुटली, पण विसरभोळेपणा वाढतोय

नमस्कार मंडळी. माझे मामा साठीला आलेत, साताऱ्याजवळ राहतात. पंचवीसेक वर्षं रोज प्यायचे, जेवण जवळपास नाहीच. गेल्या दिवाळीपासून दारू बंद आहे. पण सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी आठवत नाही, आणि विचारलं की काहीतरी रचून सांगतात. परवा मामींना म्हणाले, "बाजारातून आत्ताच आलो." घराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं! ते खोटं बोलत नाहीत, त्यांना ते खरंच वाटतं. चालतानाही तोल जातो.

डॉक्टरांनी 'वयामुळे होतं' म्हणून सोडून दिलं. मी वाचलंय की दारूमुळे थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडतं आणि त्यातून वर्निके-कोर्साकॉफ हा स्मृती आणि तोल बिघडवणारा मेंदूचा आजार होतो. शिवाय मामा पिऊन दोनदा डोक्यावर पडलेत, दारू तोडताना फिट आली होती, शुगर आहे, यकृतही बिघडलंय. यातलं नेमकं काय मेंदूला भोवलं, हे कसं कळणार?

आधी न्यूरोलॉजिस्टकडे न्यावं की मानसोपचारतज्ज्ञांकडे? एमआरआय लगेच करावा का? बी-१ च्या गोळ्या पुरतात की इंजेक्शनच लागतं? इतक्या उशिरा उपयोग होतो का? कुणाच्या घरी असा अनुभव असेल तर दारू सुटल्यावर स्मृती कितपत सुधारली, किती महिन्यांनी, तेही सांगा. सातारा-पुणे भागातले चांगले डॉक्टर माहीत असतील तर कृपया कळवा. मामी एकट्याच सगळं बघतात, त्यामुळे लवकर दाखवायचं आहे.