मदत हवी आहे: पहिल्या वेलांटीला अडणारी मुलं, दिवाळीनंतर ऊसतोडीला जातील

नमस्कार मंडळी, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, यंदा दुसरीचा वर्ग आहे. निम्म्याहून जास्त मुलं तांड्यावरची, घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, आणि दिवाळी झाली की आईबापाबरोबर कारखान्यावर जातात ती थेट मार्च-एप्रिललाच परत. त्यामुळे हातात दिवस कमी आहेत.

वर्गातली एक मुलगी ओळीवर बोट फिरवत कविता न अडखळता म्हणायची, मला वाटलं वाचतेय. एक दिवस मी हाताने ओळ झाकून मधला एकच शब्द उघडा ठेवला तर एकदम गप्प, सगळं पाठ केलेलं. मग पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्यांच्याच तोंडातले शब्द फळ्यावर लिहायला लागले, कोयता, मोळी, कोपी, टायर, आणि खरंच सांगते, पंधरा दिवसात वाचायला लागली! काना, मात्रा, दुसरी वेलांटी सगळं बसलं.

पण 'चिपाड' लिहिलं की अडते, 'इचपाड' म्हणते. लिहिताना आधी च काढते, मग वेलांटीला डावीकडे जागाच उरत नाही म्हणून ती उजवीकडे जाते आणि होतं 'चीपाड'. तिची तरी काय चूक, कानाला च आधी येतो आणि डोळ्याला वेलांटी आधी दिसते. रफाराचंही तेच, 'सूर्य'चं 'सूयर' वाचतात.

तर पहिली वेलांटी तुम्ही कशी शिकवता? मी सध्या जागा सोडून आधी अक्षर काढायला लावते आणि मग रंगीत खडूने वेलांटी, पण वहीत पेन्सिल धरली की परत तेच. आणि या वयात ऱ्हस्व-दीर्घाची चूक लगेच दुरुस्त करावी की आधी बिनधास्त लिहू द्यावं? माझं मत लिहू द्यावं असं आहे, पण तपासणीला आले की वह्याच बघतात.

दुसरं म्हणजे सोबत काय पाठवू? आईवडिलांना वाचता येत नाही, ॲप कृपया सुचवू नका, फोन एकच असतो आणि तो दिवसभर बापाबरोबर फडात. पाचवी-सहावीतली भावंडं बरोबर असतात, त्यांच्या हाती देता येईल असं काही कुणी करून बघितलंय का?

परवा तीच मुलगी विचारत होती, मॅडम, पाटी तिकडं नेली तर चालंल का? पाटी तर देणारच आहे, त्याबरोबर काय देऊ तेवढं सांगा.