वाजवणाऱ्या-गाणाऱ्या पोरांना संगीताचं शास्त्र शिकवायचं की नाही? नागपूरकरांनो, बोला

कीबोर्ड_सीताबर्डी :
चौदा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय. गणपती, नवरात्र, लग्नं. सगळं कानानं शिकलो, आणि बारा वर्षं त्याचा मला अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात आमच्या गायिकेचा घसा बसला होता. स्टेजवर चढताना म्हणाली, "दादा, आज काळी पाच नको, काळी चारवर घ्या." म्हणजे सा पाचव्या काळ्या पट्टीऐवजी चौथ्या काळ्या पट्टीवर धरायचा, थोडा खाली. गिटारवाल्यानं कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, तिसऱ्या घरातून पहिल्या घरात आणला. बासरीवाल्या काकांनी पिशवीतून दुसरी बासरी काढली. मी सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबून उणे दोन केलं. गाणं छान झालं. लगेच दुसरी गायिका आली. तिची नेहमीचीच पट्टी काळी चार. बटण उणे दोनवरच राहिलेलं माझ्या लक्षात नव्हतं. मी काळी चारवर बोटं ठेवली, निघाली काळी तीन. गिटार एकीकडे, मी दुसरीकडे. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी कानावर हात ठेवले. खरी शरमेची गोष्ट पुढची आहे. काय चुकलं ते कळल्यावरही बटणाला हात न लावता, नुसत्या बोटांनी सावरून घेणं मला जमेना. मला गाण्यांचे आकार पाठ होते, गाणं येत नव्हतं.

त्यानंतर शिकायला बसलो. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर : सा-ग-प हा पहिला कॉर्ड, म-ध-सां दुसरा, प-नी-रें तिसरा. निम्मी गाणी या तिघांवर उभी असतात. एकदा असा विचार करायला लागलो की पट्टी कुठलीही असो, फरक पडत नाही. आपली सरगम मुळातच अशी आहे, सा जिथे धराल तिथून पुढचं सगळं आपोआप बसतं. ही गोष्ट लहानपणापासून तोंडात होती आणि मला कोणी समजावली नव्हती.

आता संध्याकाळी अकरा मुलं येतात माझ्याकडे. पालक म्हणतात, "शास्त्र राहू द्या हो, गणपतीत वाजवता येईल असं गाणं शिकवा." माझं मत : पहिल्या सहा महिन्यांतच शास्त्र सुरू झालं पाहिजे. तुमचं?

खंजेरी_भजनमंडळ :
भाऊ, मी साफ विरोधात हाय. आमच्या मंडळात दर गुरुवारी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं होतात. पंचवीस-तीस माणसं. शेतकरी हाय, ऑटोवाले हाय, एक रिटायर्ड पोस्टमन हाय. एकालेही थाट, म्हणजे रागायचे गट, माहीत नाई. पण मुखडा उचलला का सारे बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात, खंजेरी एक मात्रा हलत नाई. कुठून आलं हे? लहानपणी आजीच्या मांडीवर बसून ऐकलं, तिथून आलं.

आणि माझ्या भाच्याचं सांगतो. पाच वर्षं झाले, गाण्याच्या परीक्षा देऊन राहिला. मध्यमा पास हाय. मागच्या महिन्यात भजनाले आणला, म्हटलं धर दोन ओळी. तो मले विचारते, "मामा, राग कोणता?" तेवढ्यात ओळ निघून गेली! तुमच्या त्या अकरा पोरायले पहिले सहा महिने वही दिली तर त्यायचंही असंच होईन. कायले पोरायचा कान मारता?

मध्यमापूर्ण_धंतोली :
खंजेरीदादा, तुमचा भाचा म्हणजे मीच, असं समजा. मीही मध्यमा पूर्ण केली. भूप आणि देसकार, दोघांतही सा रे ग प ध हेच पाच स्वर. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग, देसकाराचा ध. भूप संध्याकाळी, देसकार सकाळी. हा फरक परीक्षेत मी एका पानात सुरेख अक्षरात लिहिला, चांगले गुणही पडले. त्या दिवशी मला कोणी दोन राग लागोपाठ गाऊन दाखवले असते तर कुठला कुठला, ते सांगता आलं नसतं.

नंतर ज्या गुरुजींकडे गेले त्यांनी पहिले पंधरा दिवस फक्त भुपातल्या गंधारावर थांबायला लावलं. सा रे ग, थांब. प ग, थांब. रे सा ध, सा रे ग, पुन्हा तिथेच. मला कंटाळा यायचा, रडूही यायचं. मग एका सकाळी म्हणाले, आता त्याच स्वरांत धैवतावर राहा, वरच्या सा कडे बघत राहा. आणि खोलीतली हवाच बदलली. तेच पाच स्वर, आणि वेगळाच माणूस समोर येऊन बसल्यासारखं वाटलं.

घरी येऊन जुनी वही उघडली. त्या पानावरचं वाक्य न् वाक्य खरं होतं. म्हणून शास्त्राला दोष द्यायचं माझं मन होत नाही. मला ते उलट्या क्रमानं मिळालं, एवढीच माझी तक्रार आहे.

गिटार_धरमपेठ :
मी बावीस वर्षांचा आहे, स्वतःची गाणी करतो. थिअरी मुद्दाम शिकलो नाही. नियम कळले की मन आधी नियमाकडे बघतं. मला जो कॉर्ड वाजवावासा वाटतो तो "बसत नाही" असं कोणी सांगायला नको. आणि किशोरकुमारचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. रीतसर तालीम नाही, तरी तो आवाज, ती समज. जे आत असतं ते येतंच बाहेर.

कीबोर्ड_सीताबर्डी :
मित्रा, किशोरदांबद्दल शंभर टक्के मान्य. पण त्या गाण्यांत त्यांच्या मागे बसलेली माणसं बघ. मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिनवाल्यांचा ताफा असायचा आणि प्रत्येकासमोर लिहिलेला कागद. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याकडचे अरेंजर ते कागद लिहायचे. तीस-चाळीस वादकांनी एकाच वेळी एकच गोष्ट वाजवायची, तर डोक्यातलं कागदावर उतरवता यायला हवं. एकट्यानं खोलीत गिटार वाजवायला तुला काही नको, हे खरं. दुसरा माणूस आला की त्याच्याशी बोलायला भाषा लागते.

आणि "बसत नाही" असं शास्त्र सांगत नाही रे. तू वाजवलंस ते काय होतं, एवढंच सांगतं. आवडलेला कॉर्ड महिन्याभरानं पुन्हा सापडावा असं तुला वाटत नाही का?

गिटार_धरमपेठ :
हे शेवटचं मात्र लागलं. माझ्या फोनमध्ये अशा साठेक क्लिपा पडून आहेत. वाजवलेलं मीच, आणि आता मलाच सापडत नाही. तरी सहा महिने वही हे मला पटत नाही. मी तर पळून गेलो असतो.

तबला_इतवारी :
सगळे सुरांवरच बोलून राहिले, लयीचं कोणीच नाही.

तिहाईचं सांगतो. एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं, ती तिहाई. तीनताल सोळा मात्रांचा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा वाजवा, मध्ये एकेक मात्रा सोडा. पाच, एक, पाच, एक, पाच. झाले सतरा. समेवरून उचललं तर सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. ऐकणाऱ्याला जादू वाटते. लहानपणी मीही हे नुसतं पाठ केलं होतं, आणि ज्या दिवशी गायकानं झपताल मागितला त्या दिवशी माझी जादू संपली. दहा मात्रांत तीच तिहाई समेवरून उचलली तर समेवर येत नाही. दोन आवर्तनं धरा, वीस मात्रा. सतरा मात्रांची तिहाई पाचव्या मात्रेवरून उचला, शेवटचा ठोका एकविसाव्यावर म्हणजे समेवर. हे गणित आलं तेव्हा कुठे मी स्वतः काही बनवायला लागलो.

तेव्हा शिकवा. पण हातावर टाळी-खाली (कुठे टाळी द्यायची, कुठे हात रिकामा ठेवायचा) धरून, तोंडानं बोल म्हणत शिकवा. रूपक तालात समेलाच खाली असते हे वाचून कोणाला कळलंय?

निवृत्त_शिक्षिका_महाल :
मी चाळीस वर्षं गाणं शिकवलं. कीबोर्डवाले दादा, तुमचा हेतू चांगला आहे, पण सहा महिन्यांच्या तुमच्या मुद्द्याला माझा ठाम विरोध आहे.

विष्णु नारायण भातखंडे यांनी दहा थाट मांडले, तेच आज सगळे शिकवतात. ते काही वहीतून निघाले नाहीत. भातखंडे गावोगाव फिरले, घराण्यांच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, लिहून काढल्या. आधी ऐकलं, मग मांडलं. भुपात म आणि नी नाहीतच, तरी तो कल्याण थाटात. का? त्याच्या चालीवरून. ज्या मुलानं त्याच थाटातला यमन दोनशे वेळा ऐकलेला नाही त्याला हे उत्तर देऊन काय उपयोग?

आणि मुलं वही बघून गायला लागली की त्यांचे डोळे वर येतच नाहीत. मी पाहिलंय, आणि माझ्या वर्गात घडलंय. पहिली काही वर्षं मीच वही देत होते. त्या मुलांची नावं आजही आठवतात मला. त्यांतली बरीचशी आता गात नाहीत.

आई_त्रिमूर्तीनगर :
वाचून गोंधळले आहे. मुलगी नऊ वर्षांची, क्लासमध्ये जानेवारीत परीक्षेला बसवायचं म्हणताहेत. बसवू का?

निवृत्त_शिक्षिका_महाल :
ती घरात काम करताना, खेळताना गुणगुणते का? गुणगुणत असेल तर बसवा, परीक्षेनं काही बिघडणार नाही. परीक्षेचं नाव निघाल्यापासून गुणगुणणं थांबलं असेल तर यंदा राहू द्या.

कीबोर्ड_सीताबर्डी :
बाई, रात्रभर तुमचं लिहिलेलं डोक्यात होतं. माझं सहा महिन्यांचं म्हणणं माझ्या स्वतःच्या भीतीतून आलं होतं. मला उशिरा मिळालं, म्हणून पोरांना लवकर द्यायची घाई झाली. पण मला जे तीन कॉर्ड एका दुपारी समजले ते बारा वर्षं कान तयार झालेला होता म्हणून समजले, हे मी विसरलो.

तरी बारा वर्षं कोणाला थांबवणार नाही. रविवारी असं करणार आहे : ट्रान्सपोजच्या बटणावर चिकटपट्टी. एकच ओळ, सगळ्यांना येणारी. आधी गायची, मग पांढरी एक, काळी दोन, काळी चार अशा तीन ठिकाणी सा धरून बोटांनी शोधायची. वह्या दप्तरात. शोधून झाल्यावर कोणी विचारलं "दादा, हे असं का?" तर त्याच क्षणी सांगणार, पुढच्या वर्षावर ढकलणार नाही.

खंजेरी_भजनमंडळ :
हे जमलं बाप्पा. मग गुरुवारी त्या अकराही जणायले घेऊन या आमच्याकडे. पेटी हाय, एक खंजेरी जास्तीची हाय. आमचे पोस्टमन काका कोणत्या पट्टीत उचलतीन ते त्यायलेही माहीत नसते. तुमच्या पोरायनं सा शोधून दाखवावा.

कीबोर्ड_सीताबर्डी :
येतो. साडेसातला ना?

खंजेरी_भजनमंडळ :
सात. आरती आधी असते.