दगड उलटू नका, कपारीचं तोंड बघा

ऑक्टोपस बघायचा तर दगड उलटावे लागतात, असं काही जण सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. दगडाखाली चिकटलेली अंडी आणि स्पंज उन्हात सुकून मरतात हो! मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर आम्ही अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत जातो, कारण तेव्हा ओहोटीही जास्त खाली उतरते; आणि पोचतो ओहोटी पुरती उतरायच्या तासभर आधी. कपारीच्या तोंडाशी कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे, रिकामे शिंपले पडलेले दिसले की तिथेच उकिडवं बसायचं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गेल्या खेपेला दहाएक मिनिटांनी समोरच्या ‘दगडा’चाच एक कोपरा फुगला, मिटला, पुन्हा फुगला. श्वास चालला होता त्याचा! मग डोळ्यातली आडवी बाहुली दिसली आणि करडं अंग क्षणात तपकिरी झालं. हात मात्र लावू नका, त्याला चोच असते.