मदत हवी आहे: कुंद्याच्या नावाची नक्कल, आमची नोंदणी नाही

शहापूरकर:
बेळगावच्या शहापूर भागात आमचं मिठाईचं दुकान आहे, 1987 पासून. आजोबांच्या नावाने कुंदा विकतो, नाव इथे टाकत नाही. ट्रेडमार्क कधी नोंदवला नाही. आता कोल्हापूरच्या एका पार्टीने एक वेलांटी बदलून तेच नाव आणि तसाच पिवळा-लाल बॉक्स काढलाय. माल इथे बसस्टँडजवळही मिळतो. बॉक्सवर 'मूळ बेळगावी, तीन पिढ्यांची परंपरा', इन्स्टावर एका मराठी नटाचा फोटो. त्यांचा ट्रेडमार्क अर्ज क्लास 30 मध्ये (मिठाई त्यातच येते) आहे, वापर 2019 पासून दाखवलाय, स्टेटस 'ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाइज्ड', म्हणजे अर्ज स्वीकारून हरकतींसाठी जाहीर केलाय. ओळखीचे वकील म्हणतात, आधी कडक नोटीस धाडा. दावा बेळगावात चालेल की कोल्हापूरला पळावं लागेल?

काळाकोट:
नोटीस राहू दे, आधी अर्ज ज्यात जाहीर झाला त्या ट्रेडमार्क जर्नलची तारीख बघा. जाहिरात आल्यापासून 4 महिन्यांत टीएम-ओ हा फॉर्म भरून विरोध नोंदवावा लागतो, मुदतवाढ नाही. ऑनलाइन फी क्लासमागे 2,700 रुपये. त्यांचा अर्ज मुंबईच्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीत, तुमचा स्वतःचा अर्ज चेन्नईला जाईल (कर्नाटक चेन्नईखाली येतं), पण सगळं ऑनलाइन होतं, गाडीभाडं नको.

सोबत तुमचा टीएम-ए (नोंदणीचा अर्ज) टाका. स्वतःच्या नावाने किंवा उद्यम (लघुउद्योगाचं) सर्टिफिकेट असेल तर 4,500, नाहीतर 9,000. एजंट लोक सवयीने 'प्रपोज्ड टु बी यूज्ड' (वापर अजून व्हायचाय) यावर टिक करतात, ते अजिबात चालू देऊ नका. पुढे कोर्टात समोरचा तोच कागद दाखवून म्हणेल, हे स्वतःच सांगतात वापर नव्हता. 1987 लिहा आणि वापराचं ॲफिडेव्हिट पुराव्यांसकट जोडा. 'बेळगाव' आणि 'कुंदा' हे शब्द कुणाच्याच मालकीचे होणार नाहीत. भांडण आजोबांच्या नावावर आणि बॉक्सच्या रंगरूपावर ठेवा.

नोंदणी नसली तरी 'पासिंग ऑफ'चा (आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा) दावा चालतो, ट्रेडमार्क कायद्याचं कलम 27. तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2015 साली आधीच्या वापराला नोंदणीपेक्षा वरचढ मानलंय. पण 1987 हे तोंडी सांगून भागत नाही. बॉक्स छापणाऱ्याची बिलं, महापालिकेचं लायसन्स, सेल्स टॅक्सचे जुने कागद काढा. पेपरातल्या जाहिरातीचं कात्रण नको, तारखेसकट पूर्ण पान हवं. मराठी कागदांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा, ऐनवेळी त्यातच तारखा जातात.

हिंडलगा_नाका:
जागेबद्दल. नोंदणीकृत मार्कवाल्याला कलम 134 खाली स्वतःच्या गावी दावा लावता येतो. पासिंग ऑफला ती सवलत नाही. प्रतिवादी जिथे राहतो किंवा दाव्याचं कारण जिथे घडलं तिथे. म्हणून बसस्टँडजवळच्या दुकानातून दोन बॉक्स विकत घ्या, पत्ता असलेलं जीएसटी बिल मागा. बिल नसेल तर समोरचा म्हणेल, बेळगावात आम्ही विकतच नाही. कुंदा टिकत नाही, तेव्हा फोडण्याआधी सहाही बाजूंचे फोटो काढा. बॅच, तारीख, एफएसएसएआय नंबर वाचता यायला हवा. रिकामा बॉक्स झाकणासकट जपा.

इन्स्टाच्या स्क्रीनशॉटला 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं: भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हीत हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड). टायपिस्टकडचा जुन्या साक्ष कायद्यातल्या 65-ब चा नमुना आता चालवू नका.

नटाच्या फोटोत तुम्ही पडू नका. प्रसिद्धीहक्काचा (नामवंताचा स्वतःच्या नावा-चेहऱ्यावरचा हक्क) वेगळा कायदा आपल्याकडे नाही; दिल्ली हायकोर्टाने अमिताभ बच्चन (2022), अनिल कपूर (2023) यांना मनाई हुकूम दिले, पण ते त्यांनी स्वतः मागितले म्हणून. तुम्ही फार तर त्या नटाच्या मॅनेजरला कळवा. 'तीन पिढ्या'साठी ग्राहक आयोगात जाऊ नका, स्पर्धक हा ग्राहक नव्हे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार सीसीपीएकडे (केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण) होते, पहिल्या वेळी दंड 10 लाखांपर्यंत. खरी मेख वेगळीच आहे: अर्जात वापर 2019 पासून आणि बॉक्सवर तीन पिढ्या. दावा-अर्जात हे दोन कागद शेजारीशेजारी लावा.

काळाकोट:
+1. नोटिशीबद्दल राहिलं. नोंदणी नसताना 'ट्रेडमार्क उल्लंघन' लिहून धमकावलंत तर कलम 142 चा (बिनबुडाच्या धमकीविरुद्धचं कलम) आधार घेऊन तोच कोल्हापुरात तुमच्यावर दावा टाकेल, वर कॅव्हेटही (मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) लावेल. दावा तालुक्याच्या कोर्टात नाही, जिल्हा न्यायालयातच. दाव्याची किंमत 3 लाखांपासून वर असेल तर कमर्शियल कोर्ट. तिथे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची (कमर्शियल कोर्ट्स कायद्याचं कलम 12-अ), पण तातडीची मनाई खरोखर हवी असेल तर ती लागत नाही. तातडी मात्र दिसली पाहिजे. माहीत असून एक दिवाळी गप्प बसलात तर मनाई हुकूम मागताना तोच मुद्दा अंगावर येतो.

शहापूरकर:
एक सांगायचं राहिलं. काका खानापूरला याच नावाने विकतात. वाटणीचा कागद नाही.

काळाकोट:
हे आधी सांगायचं की हो! समोरच्याचा पहिला बचाव हाच: नाव यांचं एकट्याचं नाही, आधीच दोघे वापरतात. दाव्याआधी लेखी करार करा, मार्क दोघांचा की एकाचा आणि दुसरा परवानगीने वापरतो, ते स्पष्ट लिहा. दोघांचा असेल तर काका सहवादी, टीएम-एसुद्धा संयुक्त नावाने. काका सहीला तयार नसतील तर दावा लावून पैसे घालवू नका. टीएम-ओ मात्र काकांसाठी अडवू नका. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 21 खाली विरोध 'कोणतीही व्यक्ती' करू शकते, त्याला मालकी सिद्ध करावी लागत नाही.